एक फेरा किंवा तीन सेकंद

एका इंजिनाच्या चार आसनी विमानाच्या पॅनेलवर बहुधा एक छोटी पट्टी लावलेली असते. या विमानात मुद्दाम स्पिन करण्यास मनाई आहे, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असतो. बहुतेक वैमानिकांनी ती शेकडो वेळा पाहिलेली असते आणि एकदाही वाचलेली नसते. मी त्यांतलाच एक होतो. पुढे कधीतरी ती वाचली, पण तिचा अर्थ मात्र चुकीचा लावला. विमानाला प्रमाणपत्र मिळाले आहे, म्हणजे कारखान्याच्या वैमानिकांनी त्याला मनसोक्त गिरक्या घालून पाहिल्या असणार, ते प्रत्येक वेळी सुटले असणार, आणि मनाई आहे ती आमच्यासारख्यांनी आगाऊपणा करू नये एवढ्यासाठीच, अशी माझी ठाम समजूत होती. माझ्या प्रशिक्षकांनी ती एका वाक्यात मोडीत काढली. ते म्हणाले, ‘‘या विमानाची चाचणी झाली आहे ती एका फेऱ्याची. दुसऱ्या फेऱ्यापासून चाचणी-वैमानिक तू.’’

त्या वाक्याचा मागोवा घेत मी जे वाचले आणि नंतर हवेत जे अनुभवले, ते येथे लिहीत आहे.

आधी स्पिन म्हणजे काय ते नीट सांगितले पाहिजे, कारण नाक खाली करून गरगरत येणाऱ्या प्रत्येक विमानाला लोक स्पिन म्हणतात. पंख आणि समोरून येणारा वारा यांच्यातला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारे बल, कोसळते, हा स्टॉल. स्टॉलच्या वेळी विमानाचे नाक डावीकडे किंवा उजवीकडे सरकत असेल, तर दोन्ही पंख सारखे स्टॉल होत नाहीत. जो पंख खाली जातो त्याचा कोन आणखी वाढतो, त्याची लिफ्ट आणखी घटते आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे खेचणारा रोध, वाढतो; जो वर जातो त्याचा कोन कमी होतो आणि तो थोडाफार उडत राहतो. या तफावतीमुळे विमान ज्या बाजूला कलले त्याच बाजूला अधिक कलते आणि अधिक वळते, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला फिरवत ठेवते. वेग मात्र वाढत नाही. वेगदर्शकाचा काटा स्टॉलच्या वेगाच्या आसपास एका जागी थांबलेला असतो आणि उंचीदर्शकाचे काटे तेवढे पळत असतात. काटा वेगाने पुढे सरकू लागला असेल तर तो स्पिन नव्हे, ती स्पायरल डाइव्ह, म्हणजे वेग वाढत जाणारी गोल घसरण, आणि तिच्यातून सुटण्याची रीत वेगळी आहे. हा फरक न ओळखता हालचाली करणारा वैमानिक पंखांवर नको तितका भार आणू शकतो.

आता प्रमाणपत्राकडे येतो. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या नियमावलीतला भाग २३ लहान विमानांसाठी आहे. त्यातले २३.२२१ हे कलम २०१७ पर्यंत स्पिनच्या चाचणीचे निकष सांगत असे. साध्या उड्डाणासाठीच्या, म्हणजे नॉर्मल श्रेणीतल्या एका इंजिनाच्या विमानाने एका फेऱ्याच्या किंवा तीन सेकंदांच्या स्पिनमधून, यांपैकी ज्याला अधिक वेळ लागेल त्यातून, सुटकेची पहिली हालचाल केल्यापासून जास्तीत जास्त आणखी एका फेऱ्यात बाहेर आले पाहिजे. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची उतरताना खाली सोडायची पाती, वर असताना आणि खाली असताना, दोन्ही स्थितींत. बाहेर येताना वेगाची आणि भाराची मर्यादा ओलांडली जाता कामा नये. नॉर्मल श्रेणीत ही भाराची मर्यादा गुरुत्वाच्या ३.८ पट, मर्यादित कसरती चालणाऱ्या युटिलिटीत ४.४ पट आणि पूर्ण कसरतीच्या ॲक्रोबॅटिक श्रेणीत ६ पट असते. शिवाय स्पिनमध्ये शिरताना किंवा स्पिन चालू असताना वैमानिकाने नियंत्रणांचा आणि इंजिनाच्या शक्तीचा कितीही चुकीचा वापर केला, तरी सुटकेपलीकडचा स्पिन तयार होता कामा नये. ॲक्रोबॅटिक श्रेणीसाठी मात्र सहा फेऱ्यांपर्यंत कोणत्याही टप्प्यावरून दीड फेऱ्याच्या आत सुटका दाखवावी लागे. युटिलिटी श्रेणीतल्या विमानाला स्पिनची परवानगी हवी असेल, तर त्यालाही हाच कठोर निकष लागू होई.

एक फेरा आणि सहा फेरे यांच्यात नुसता संख्येचा फरक नाही. स्पिन एका क्षणात पूर्ण रूपाला येत नाही. प्रशिक्षणाच्या लहान विमानांत पहिले साधारण दोन फेरे, म्हणजे चार ते सहा सेकंद, जुळवाजुळवीचे असतात. या काळात विमान पुढे जाण्याच्या गतीतून उभ्या अक्षाभोवती फिरत खाली येण्याच्या गतीत शिरत असते आणि फिरण्याला अजून पक्की लय आलेली नसते. त्यानंतर हवेची बले आणि फिरणाऱ्या वस्तुमानाची बले यांचा समतोल साधला जातो, आणि तो साधल्यावर काही विमाने एखाद्या भोवऱ्यासारखी त्या लयीत रमतात. नॉर्मल श्रेणीची चाचणी हा समतोल साधण्याआधीच संपते. म्हणूनच तिला स्पिनची चाचणी म्हणण्यापेक्षा उशिरा आवरलेल्या स्टॉलची चाचणी म्हणणे अधिक खरे ठरेल. अनवधानाने स्टॉल झाला, वैमानिक गोंधळला, त्याचे दोन-तीन सेकंद वाया गेले, तरी विमान हाताबाहेर जाऊ नये, एवढाच त्या निकषाचा हेतू आहे. तिसऱ्या किंवा चौथ्या फेऱ्यात ते विमान कसे वागेल याचे उत्तर प्रमाणपत्रात नसते, कारण तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. पट्टीवरच्या मनाईचा खरा अर्थ हा आहे, आणि तो मला उड्डाणाचे बरेच तास झाल्यावर कळला याचे आजही आश्चर्य वाटते.

ही एका फेऱ्याची चाचणीसुद्धा स्वस्तात उरकत नाही. गुरुत्वमध्य पुढे आणि मागे, वजन कमी आणि अधिक, फ्लॅप वर आणि खाली, इंजिन बंदावस्थेत आणि शक्तीवर, फिरणे डावीकडे आणि उजवीकडे, एलेरॉन (विमान कलवणारी पंखांच्या टोकांकडची पाती) मध्यावर, फिरण्याच्या बाजूने आणि विरुद्ध, अशा जोड्या लावत गेल्यास स्पिनची संख्या शेकड्यांत सहज जाते. या कामासाठी चाचणी-विमानाच्या शेपटीला एक खास पॅराशूट बसवतात. विमान सुटेनासे झाले तर ते उघडून नाक खाली ओढायचे आणि मग कापून टाकायचे. वैमानिकाच्या पाठीला वेगळे पॅराशूट असते आणि दार एका झटक्यात निखळेल अशी सोय केलेली असते. आपल्या विमानात यांतले काहीही नसते.

एवढा जामानिमा लागतो याचे कारण असे, की स्पिनचे भाकीत कागदावर करणे फार अवघड आहे. अमेरिकेत लँगली येथे १९४१ साली वीस फूट रुंदीचा उभा वायुबोगदा सुरू झाला. त्यात हवा खालून वर वाहते आणि तंत्रज्ञ विमानाची छोटी प्रतिकृती हाताने गिरकी देऊन त्या झोतात सोडतो; झोताचा वेग जुळवला की प्रतिकृती एका जागी तरंगत स्पिन करत राहते. अशा प्रयोगांतून १९४०च्या दशकात शेपटीच्या रचनेवरून सुटकेचा अंदाज बांधणारे एक सूत्र निघाले. क्षैतिज शेपटीखाली विमानाच्या धडाची किती बाजू उरते आणि शेपटीने वारा अडवून पडणाऱ्या सावलीबाहेर रडरचा, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, पायांनी चालवायच्या उभ्या पात्याचा, किती भाग राहतो, याचा तो हिशेब होता. अनेक वर्षे अभियंते त्या सूत्राच्या आधारावर होते. १९७०च्या दशकात नासाने ग्रमन अमेरिकन एए-१ यँकी या दोन आसनी विमानावर वेगवेगळ्या शेपट्या बसवून खरेखुरे स्पिन करून पाहिले, तेव्हा ते सूत्र एकट्याने पुरेसे नाही असे दिसले. त्याच मालिकेतला दुसरा एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. पंखाची पुढची कड पूर्ण लांबीभर किंचित खाली वाकवली तेव्हा स्टॉल सौम्य झाला, पण स्पिन मात्र अधिक आडवा (नाक खाली न येणारा) आणि अधिक हट्टी झाला. तीच कड फक्त पंखाच्या बाहेरच्या भागात वाकवली आणि आतल्या भागाशी तिचा सांधा मुद्दाम तुटक ठेवला, तेव्हा विमान स्पिनमध्ये शिरायलाच नाखूश झाले. डोळ्यांना जेमतेम दिसणारा बदल, आणि परिणाम मात्र अगदी उलट. १९९१ साली नियमावलीत स्पिनला विरोध करणाऱ्या विमानांसाठी जो पर्यायी मार्ग आला, त्यामागे हे संशोधन होते.

सुटकेची रीत या सगळ्याच्या कितीतरी आधी सापडली, तीही एका माणसाला, पडता पडता. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये लार्कहिल येथे विल्फ्रेड पार्क हा नौदलाचा अधिकारी एव्ह्रो कंपनीचे बंद केबिनचे दुपंखी विमान उतरवताना सुमारे सातशे फुटांवर स्पिनमध्ये सापडला. त्याने सहजप्रेरणेने जे करायचे ते सगळे केले: नाक वर-खाली करणारा दांडा मागे ओढला आणि रडर फिरण्याच्याच बाजूला दिला. काही उपयोग झाला नाही. शेवटी, गमावण्यासारखे काही उरले नसताना, त्याने रडर पूर्ण उलट्या बाजूला दाबला आणि जमिनीपासून पन्नासेक फुटांवर विमान सरळ झाले. स्वतः पार्क त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका अपघातात गेला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लिंडेमान या भौतिकशास्त्रज्ञाने फार्नबरो येथे स्वतः विमान चालवायला शिकून, स्पिन करून, मोजमापे घेतली आणि सुटकेला शास्त्राची बैठक दिली.

आज शिकवला जाणारा क्रम असा आहे: थ्रॉटल (इंजिनाच्या शक्तीचा खटका) मागे, एलेरॉन मध्यावर, रडर फिरण्याच्या विरुद्ध पूर्ण, मग योक (दांड्याचे काम करणारे हातातले सुकाणू) पुढे. फिरणे थांबताच रडर मध्यावर आणि डाइव्हमधून सावकाश बाहेर. घोकायला हे दहा सेकंदांचे काम आहे. प्रत्येक पायरी त्याच जागी का आहे हे समजले नसेल, तर घोकलेले हवेत आठवत नाही; निदान मला तरी आठवले नाही.

आम्ही सेसना १५२ घेऊन गेलो होतो. हे विमान युटिलिटी श्रेणीतले आणि स्पिनची परवानगी असलेले. त्याच्या पुस्तिकेत जमिनीपासून चार हजार फुटांच्या वर सुटका पूर्ण होईल इतक्या उंचीवरून सुरुवात करण्याची शिफारस आहे, आणि एका फेऱ्याच्या स्पिनसाठी सुटकेसह किमान हजार फूट हाताशी ठेवावेत असे सांगितले आहे. आम्ही जमिनीपासून सहा हजारांवर होतो. थ्रॉटल मागे घेतला, नाक क्षितिजाच्या वर धरून ठेवले, स्टॉलचा इशारा देणारी पिपाणी आधी कण्हल्यासारखी आणि मग तारस्वरात वाजू लागली, आणि प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून मी योक पोटापर्यंत ओढून डावा रडर टोकापर्यंत दाबला. क्षणभर काहीच झाले नाही. मग डावा पंख कोणीतरी खालून पाय ओढावा तसा निसटला, विमान जवळजवळ पाठीवर झाले आणि समोरच्या काचेत आकाशाच्या जागी शेते आली. नदीचे एक वळण आम्ही खूण म्हणून धरले होते. ते वळण काचेतून उजवीकडे सरकत गेले आणि थोड्याच वेळात डावीकडून पुन्हा उगवले. तो एक फेरा.

‘‘सुटका कर,’’ सर म्हणाले आणि मी योक पुढे ढकलले. आधी योक. रडर अजून डावीकडेच होता. नदीचे वळण आता आधीपेक्षा वेगाने येऊ लागले, आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, की मी सांगितल्याप्रमाणे करतो आहे आणि हे बिघडतच चालले आहे.

‘‘रडर,’’ सर म्हणाले, तेही चहा मागावा अशा स्वरात.

उजवा पाय टोकापर्यंत गेला तेव्हा फिरणे अर्ध्या फेऱ्याच्या आत थांबले. थांबले ते इतके अचानक, की मला वाटले काहीतरी तुटले. वेगदर्शकाचा काटा, जो इतका वेळ निपचित पडला होता, तो आता धावू लागला. रडर मध्यावर आणून मी योक हलक्या हाताने मागे घेतले आणि विमान सरळ झाले. उंचीदर्शकात चौदाशे फूट कमी झाले होते. क्रम बरोबर ठेवून केलेल्या पुढच्या प्रयत्नात साधारण हजारच गेले.

खाली आल्यावर सरांनी फळ्यावर शेपटीचे चित्र काढून मला माझी चूक दाखवली. स्पिनमध्ये विमान पोटाच्या बाजूने खाली येत असते, म्हणजे वारा खालून वर येतो. क्षैतिज शेपूट आणि एलेव्हेटर (तिचे योकने वर-खाली होणारे पाते) त्या वाऱ्यात आडवे येतात आणि त्यांच्या वर असलेल्या रडरच्या काही भागावर सावली पडते. एलेव्हेटर आधीच खाली केला तर ही सावली वाढू शकते आणि जो रडर फिरणे थांबवणार त्याचीच ताकद कमी होते. शिवाय नाक खाली दाबल्याने वस्तुमान फिरण्याच्या अक्षाजवळ येते आणि गिरकी घेणाऱ्या नर्तकीने हात जवळ घ्यावेत तशी फिरण्याची गती वाढते. म्हणून रडर आधी. थ्रॉटल त्याच्याही आधी, कारण इंजिनाची शक्ती नाक वर धरते, स्पिन आडवा करते आणि अधिक उंची खाते. एलेरॉनच्या बाबतीत तर हाताला धरबंध घालावा लागतो. खाली गेलेला पंख उचलण्यासाठी हात आपोआप योक विरुद्ध बाजूला फिरवू पाहतो आणि बऱ्याच विमानांत त्याने स्पिन अधिक बिघडतो. फिरण्याची दिशा कळेनाशी झाली तर टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या उपकरणातले छोटे विमान पाहावे. त्याखालची गोळी पाहू नये, कारण स्पिनमध्ये ती खोटे बोलते.

कसरतीच्या विमानांच्या जगात आणखी एक रीत सांगितली जाते: थ्रॉटल मागे, दांडा पूर्ण सोडून द्यायचा आणि विरुद्ध रडर टोकापर्यंत. अनेक विमानांत ती सुरेख चालते, पण सगळ्यांत चालत नाही. आपण बसलो आहोत त्या विमानाच्या पुस्तिकेत जी रीत लिहिली आहे तीच खरी, कारण चाचणी त्याच रीतीने झालेली असते.

सेसना १५२विषयी एक तक्रारही नोंदवतो. ते फार क्षमाशील आहे. मी चूक केली तरी त्याने मला सोडले. असे विमान हातात घेऊन दोन-चार स्पिन केलेला वैमानिक मागच्या आसनावर दोन प्रवासी आणि त्यामागे सामान ठेवलेले चार आसनी विमान घेऊन जातो, तेव्हा त्याच्या मनातला स्पिन १५२चा असतो आणि हातातले विमान वेगळे असते. जुन्या सेसना १७२ विमानांना स्पिनची परवानगी होती ती फक्त युटिलिटी श्रेणीत, म्हणजे मागचे आसन आणि सामानाची जागा रिकामी असताना. गुरुत्वमध्य मागे सरकला की स्पिन आडवा होऊ लागतो, नाक खाली आणण्याची एलेव्हेटरची पकड ढिली पडते आणि सुटका लांबते. पंखांच्या टोकांकडे इंधन असेल तर फिरण्याला जडत्व येते. म्हणजे तेच विमान, तेच प्रमाणपत्र, पण दोन माणसे आणि चार माणसे यांच्यात स्पिनच्या दृष्टीने ती दोन विमाने असतात.

आता त्या हजार फुटांकडे पुन्हा पाहू. धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यात लहान विमान बहुधा जमिनीपासून हजारभर फुटांवर असते आणि शेवटचे वळण घेताना त्याहून पुष्कळ खाली. जीवघेणे स्पिन बहुतांशी असेच खाली सुरू होतात. वळण लांबले, धावपट्टीची रेषा ओलांडली, अधिक कलायला मन घाबरते म्हणून वैमानिक आतल्या बाजूचा रडर दाबून नाक वळवतो, नाक खाली जाते म्हणून योक ओढतो, आणि स्पिनमध्ये शिरायची कृती नकळत पूर्ण होते. तेथे प्रमाणपत्रातला एक फेरा आणि वर आणखी एक फेरा, दोन्ही जमिनीखाली पडतात. अमेरिकेने १९४९ साली खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रत्यक्ष स्पिन करण्याची अट काढून टाकली आणि भर स्टॉल ओळखण्यावर व टाळण्यावर दिला, त्यामागचा विचार हाच होता. प्रशिक्षक होणाऱ्यांना मात्र स्पिनचे शिक्षण आजही घ्यावे लागते. या निर्णयावर वैमानिकांत अजून वाद आहे. माझ्या मते निर्णय बरोबर होता, तरीही प्रत्येकाने एकदा तरी, परवानगी असलेल्या विमानात आणि जाणत्या माणसाबरोबर, स्पिन करावा. खाली सुटका करता यावी म्हणून नव्हे, तर तो पंख निसटण्याच्या आधीचा क्षण बुडाखाली कसा लागतो ते ओळखीचे व्हावे म्हणून.

नियमांचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. सिरस एसआर२० या विमानाला १९९८ साली प्रमाणपत्र मिळाले ते पूर्ण विमान पेलणाऱ्या पॅराशूटच्या आधारावर. त्याच्या पुस्तिकेत स्पिनमधून सुटण्याचा मान्य उपाय म्हणून पॅराशूट उघडण्यास सांगितले आहे. त्यावर जुन्याजाणत्यांनी नाके मुरडली, पण कोणत्या सुटकेची खात्री देता येते आणि कोणत्या नाही, हे त्या पुस्तिकेइतके उघडपणे फार थोड्या पुस्तिकांत लिहिलेले असते. २०१७ साली भाग २३ नव्याने लिहिला गेला तेव्हा कसरतीसाठी नसलेल्या एका इंजिनाच्या विमानांबाबत फेरे आणि सेकंद यांची भाषाच गेली. अशा विमानाची प्रवृत्ती अनवधानाने नियंत्रित उड्डाण सोडण्याची नसावी, एवढी अपेक्षा उरली आणि ती कशी सिद्ध करायची याचा तपशील नियमाबाहेरच्या मानकांकडे गेला.

शेवटी एक प्रसंग. त्या दिवशी उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना सर शेपटीपाशी बराच वेळ थांबले होते. त्यांनी रडर हाताने डावीकडे टोकापर्यंत नेला, मग उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी खाली वाकून तो कोठे अडतो ते पाहिले. मला वाटले, ही त्यांची जुनी सवय. नंतर कळले, की कॅनडात १९९८ साली एक सेसना १५२ प्रशिक्षणाच्या स्पिनमधून बाहेरच आले नाही. त्याचा रडर आपल्या मर्यादेच्या खुंटीपलीकडे जाऊन तेथेच अडकला होता. पुढे २००९ साली अमेरिकेच्या नियामकाने या जातीच्या विमानांसाठी आदेश काढला, की एकतर ही खुंटी आणि तिचे जोडभाग बदला, नाहीतर स्पिनला मनाई करणारी पट्टी लावा. सहा फेऱ्यांची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या जातीचे ते विमान होते.

आमच्या विमानात जोडभाग बदललेले होते. सरांनी बोटाने खुंटी चाचपली, बोटाला लागलेले ग्रीस रुमालाला पुसले आणि मला म्हणाले, ‘‘आता तू बघ.’’